अर्धी गोळी

काउंटरच्या या बाजूने मला माणसं
कमरेच्या वर दिसतात फक्त,
आणि त्यांचे हात.

व्हर्ना टॅकेटचा हात मला पाठ होता.
डाव्या अंगठ्याच्या नखात पांढरी भुकटी.
रक्तदाबाची गोळी ती भाजीच्या सुरीने कापायची,
तीस दिवसांचे साठ करायची
आणि "यायचं राहूनच गेलं बघ" म्हणत
महिन्याआड उगवायची.
मी विचारायचे नाही.
खाण बंद पडलेल्या केंटकीच्या या खोऱ्यात
इतकी वर्षं औषधं मोजल्यावर कळतं
कुठला विसर खरा असतो.

फेब्रुवारीत तिला पत्र आलं.
चिठ्ठ्या टाकून काढलेली चाळीस घरं,
दरमहा पाचशे डॉलर, दीड वर्ष.
पावती नको, हिशेब नको,
कशाला लागले ते सांगायला नको.
पत्र घेऊन ती दुकानातच आली.
"यात मेख कुठे मारलीय, तेवढं सांग."
मी दोनदा वाचलं. उलटून मागचा कोरा भागही पाहिला.
मेख नव्हती.

पहिल्या महिन्यात तिने एक सेंटही खर्चला नाही.
कुणी परत मागायला आलं तर?

मग पिकअपला दोन टायर.
मग नातवाची दाढ. कोल्बी आता दोन्ही बाजूंनी चावतो,
हे तिने मला असं सांगितलं
की जणू पोरगा पदवी घेऊन आला.
पेट्रोल पंपावरची शनिवारची रात्रपाळी सोडली.
"मग शनिवारी काय करतेस?"
"बसते," म्हणाली.
जरा थांबून पुन्हा म्हणाली, "नुसती बसते."

आणि जूनमध्ये अंगणासाठी
सिमेंटचं हरीण.

हरीण? माझ्या तोंडून निघालंच.
"हो," व्हर्ना म्हणाली,
"त्याला खायला घालावं लागत नाही."

त्या रात्री मला बाबांची मनीऑर्डर आठवली,
होस्टेलवर यायची ती.
कुपनावर त्यांच्या बारीक अक्षरात:
मागच्या पैशांचा तपशील कळव.
मी कळवायचे. सिनेमाच्या जागी वह्या,
भेळेच्या जागी शाई.
आणि एकदा हिरव्या बांगड्यांच्या जागी
चक्क "दंतवैद्य".
मला कुणी तेव्हा म्हणालं असतं,
घे, आणि सांगू नकोस,
तर मी वह्याच घेतल्या असत्या की काय, कोण जाणे.
पण खोटं लिहायला शिकले नसते.

वरच्या वळणावरच्या हॉबर्ट स्लोनची
चिठ्ठी निघाली नव्हती.
त्याच्याही नखात भुकटी.
दोघांच्या घरांमध्ये एक ओढा
आणि नशिबाची एक घडी घातलेली चिठ्ठी.
तो व्हर्नाच्या हरणाकडे बघायचा नाही,
गाडी त्या बाजूने न्यायचाच नाही.

एका मंगळवारी तिने चाळीस डॉलर
काउंटरवरून माझ्याकडे सरकवले.
"हॉबर्टच्या नावावर टाक. माझं नाव घेऊ नकोस.
आणि त्याने काय घेतलं,
ते मला सांगू नकोस."

असं हे पुढच्या जुलैपर्यंत.
जुलैत पैसे थांबले, पत्रात लिहिल्याप्रमाणे,
तारखेबरहुकूम.
टायर राहिले. दाढ राहिली.
हरणाचा एक कान हिवाळ्यातच उडाला होता.

ऑक्टोबरात ती आली तेव्हा वेळेवर आली होती
की महिना चुकवून,
हे मला संगणकात पाहता आलं असतं.
तिचे हात जाकिटाच्या खिशात होते.
पैसे मोजायला तिने ते बाहेर काढले,
आणि मी पाठ फिरवून
वरच्या फळीवर काहीतरी शोधत राहिले
बराच वेळ.